नीलगाईंच्या वाटेवरचा पानमांडव

गोदावरीकाठच्या एका नगरात राजा अरिंदम राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वांनी एका माळ्याच्या घरी जन्म घेतला होता. त्यांचे नाव नंदक. नगराबाहेर त्यांचा नागवेलीचा मांडव होता. या वेलीला कडक ऊन सोसत नाही आणि वाऱ्याची झळही. म्हणून वर गवताचे छप्पर आणि चारी बाजूंनी बांबूचे तट्टे. आत शिरले की भर उन्हाळ्यातही माठाला टेकून बसल्यासारखे वाटे. पायताण बाहेर काढल्याशिवाय आत कुणी पाऊल टाकीत नसे.

शेजारी तिष्या कुंभारीण राहत असे. नंदकांच्या चुलीवर काय शिजते आहे, हे तिला वासावरून कळे. न कळले तर ती येऊन विचारी. नंदकांची पत्नी चारुमती तिची जिवाभावाची मैत्रीण होती. चारुमतीला जाऊन बरीच वर्षे लोटली होती. पण मांडवाच्या मधोमध तिने लावलेली वेलींची ओळ अजून सर्वांत तजेलदार पाने देत होती. सणाच्या दिवशी तिचा मुलगा सोमिल त्या ओळीतले पहिले पान आईच्या नावाने ठेवी.

त्या वर्षी राजाच्या तळ्याचा बांध फुटला, तळे आटले, आणि उन्हाळा लागताच मांडवाचे तट्टे मोडू लागले. पहाटे नीलगाईंचा कळप एका बाजूने आत शिरे आणि समोरच्या बाजूने बाहेर पडे. सोमिलने काटे लावून पाहिले, पण उपयोग झाला नाही. शेवटी त्याने कुदळ घेतली.

तिष्या कुंपणावरून डोकावली. “काय रे सोमिल, विहीर काढतोस की काय?”

“काकी, तुमचा आवा थंड झाला वाटतं, इकडं बघायला सवड मिळाली!”

“आवा पेटलाय. पण डोळे काय आव्यात ठेवून येऊ?” असे म्हणताना तिला खड्ड्याच्या तळाशी रोवलेले टोकदार खुंट दिसले आणि तिचे हसू मावळले. “पानं किती खाल्ली रे त्यांनी?”

“खात कुठं आहेत? नुसत्या तुडवतात. निव्वळ खोडी.”

“खोडी काढणारा असा नाकासमोर चालतो होय?”

सोमिल पुन्हा खणू लागला. तिष्या तडक नंदकांकडे गेली.

“भाऊजी, तुम्हाला आठवतंय का? मांडव नव्हता, राजाचं तळंही नव्हतं, तेव्हा मी आणि चारू या मोहाच्या झाडाखाली बसायचो. इथूनच नीलगाई नदीवर जायच्या. एकामागून एक. चारू म्हणायची, बघ, माहेरवाशिणी निघाल्या! त्यांच्या शेणानं इथली माती काळीभोर झाली, म्हणून तर तिनं वेल इथं लावली.”

नंदक उठून मोहाच्या झाडापाशी गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते अनवाणी जाऊन खड्ड्याच्या अलीकडे उभे राहिले. तिष्या कुंपणाआड होतीच. तिला कोण थांबवणार! कळप आला. पुढे एक म्हातारी नीलगाय होती. माणूस पाहून ती थांबली. तिच्या मागे पाडसे तहानेने धापा टाकत होती.

“माई, पुढे येऊ नकोस, खड्डा आहे,” बोधिसत्त्व म्हणाले. “पण मला सांग, माझा मळा का मोडतेस?”

म्हातारी शांतपणे म्हणाली, “मळा आहे हे मला ठाऊक नव्हतं, बाबा. मी आईमागून याच वाटेनं पाण्याला जायची. तिथं झाडाखाली बसून एक बाई हसायची. तळं आटलं, तशी मी लेकरांना आईच्या वाटेनं आणलं. आम्ही तुझ्या मळ्यात आलो नाही. तुझा मळा आमच्या वाटेत आला.”

कुंपणाआड तिष्याने पदर तोंडाला लावला.

बोधिसत्त्वांनी कळपाला कडेने नदीवर नेले. परत येऊन ते मुलाला म्हणाले, “मांडवाचे दोन भाग करू. मधली वाट मोकळी सोडू.”

“बाबा, मध्ये आईची ओळ आहे!”

“माहीत आहे.”

“आणि झळ शिरून बाकीच्या वेली करपल्या तर?”

“कडेच्या करपतील. पण तुझ्या आईनं ज्यांना माहेरवाशिणी म्हटलं, त्यांच्यासाठी तिच्याच वेलीखाली खुंट रोवू का?”

सोमिल उठला आणि खुंट उपटून खड्डा बुजवू लागला. ती ओळ मात्र बोधिसत्त्वांनी दुसऱ्या कुणाला तोडू दिली नाही. प्रत्येक वेल उतरवताना ते तिला कपाळ लावीत. काही तुकडे तिष्याने ओल्या फडक्यात गुंडाळून नेले आणि आपल्या न्हाणीच्या पाण्यावर लावले. उन्हाने बहुतेक वाळले, एक जगला.

त्या उन्हाळ्यात मांडवाची बरीच पाने गेली. रोज पहाटे मात्र दोन मांडवांमधून कळप ओळीने नदीवर जाई, आणि तिष्या हातचे काम टाकून त्या वाटेपाशी येई. पायताण काढून उभी राही आणि हळूच म्हणे, “चारू, निघाल्या बघ गं.”

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, थांबले. मग म्हणाले, “भिक्षूंनो, विहाराच्या बागेत शिरलेल्या गाईंवर ज्याने आज काठी उगारली, तो तेव्हा सोमिल होता. दारोदारची ख्यालीखुशाली विचारत फिरणारी उपासिका रोहा ही तिष्या. कोपऱ्यात बसलेली ही वृद्ध भिक्षुणी ती नीलगाय होती, आणि नंदक माळी मी होतो.”

त्या भिक्षूने काठी खाली ठेवली. जे आपल्या हातून मोडताना काळीज तुटते, तेही दुसऱ्याच्या तहानेसाठी मोकळे करून देणे, ही करुणा होय.