टिटवीने मागितलेला अहवाल

एका राज्यात पाणी आभाळातून पडत नसे, हंड्यातून वाहत असे. राजवाड्याच्या चौकात तांब्याचा एक हंडा होता, आत हत्ती बसेल एवढा. तो सदा काठोकाठ भरून वाहायचा आणि त्याच्या पाण्यावर चाळीस गावांचे पाट चालायचे. अंजनमाया नावाच्या जादूगारणीने तो राजा महाबळाच्या आजोबांना दिला होता. बदल्यात आजोबांनी तीन वचने दिली होती. बाईच्या नावावर जमीन होईल. पंचायतीच्या ओट्यावर बाई बसेल. राज्यातल्या कोणत्याही वाटेने बाई एकटी, निर्धास्त चालेल. ही वचने हंड्याच्या गळ्यावर कोरली गेली. पुढे साठ वर्षे तो हंडा रोज चिंचेने घासून लख्ख ठेवला गेला, पण वचने कोणी वाचली नाहीत.

साठाव्या वर्षी भर दरबारात एक टिटवी आली आणि हंड्याच्या काठावर बसली.

"मला अंजनमायेने धाडले आहे," ती म्हणाली. "तीन वचनांचा अहवाल सांगा."

राजाने प्रधानाकडे पाहिले. प्रधान वाक्पती हाच स्त्रीकल्याण खात्याचाही प्रमुख होता. खात्यात अकरा सभासद होते आणि अकराही पुरुष होते, कारण खात्याच्या दालनात बायकांना यायला दार नव्हते. दार कोणत्या भिंतीला पाडावे यावर नऊ वर्षे विचार चालू होता.

वाक्पतीने घसा साफ करून वाचायला घेतले. "राज्यातील समस्त स्त्रीवर्ग पूर्णतः समाधानी असून..."

त्याची मिशी वीतभर वाढली.

"...तिन्ही वचनांची परिपूर्ण पूर्तता झालेली आहे."

मिशी छातीवर आली. तेवढ्यात हंडा करकरला आणि एक बोट कलला. चार गावांच्या पाटांचे पाणी तत्काळ आटले.

"माझ्यापुढे जो खोटे बोलेल त्याची मिशी वाढेल," टिटवी म्हणाली. "खोटा अहवाल वाचाल तेव्हा हंडा कलेल. तिसऱ्या खेपेला तो पालथा होईल. महिन्याने पुन्हा विचारीन."

"खरा अहवाल कोण आणील?" राजाने विचारले. दरबारी आपापल्या ओठांवर हात ठेवून मागे सरले.

त्या वेळी चौकात भिवरा कुंभारीण राजवाड्याचे रांजण उतरवत होती. ती पन्नाशीची होती, अंगाने सडपातळ आणि जिभेने फटकळ. नवरा वारल्यापासून भट्टी तीच चालवी. मात्र भट्टीची जागा दिराच्या नावावर होती आणि दर दिवाळीला दीर येऊन 'जागा सोड' म्हणून जाई. दरबाऱ्यांची ती मागे सरण्याची घाई पाहून भिवरा मोठ्याने हसली.

"का हसलीस?" राजाने विचारले.

"महाराज, साधं मडकं घेताना माणूस दहादा टिचकी मारून बघतं. साठ वर्षांत तुमच्या वचनांना कुणी टिचकी मारली नाही."

"मग तूच मार. प्रधान लेखणी घेऊन तुझ्यासोबत येतील."

"मोठ्या आनंदाने," वाक्पती म्हणाला, आणि त्याची मिशी पोटावर आली.

अशी ती दोघे निघाली. टिटवी पुढे, भिवरा मागे, आणि तिच्यामागे मिशी खांद्यावर टाकून प्रधान.

पहिल्या गावी जमिनीची परीक्षा होती. गावच्या दप्तरात दोनशे बारा बायकांच्या नावे शेते होती. "वाचा की," भिवरा म्हणाली.

वाक्पतीने वाचले, "गोंदाजीची बायको. गोंदाजीच्या भावाची बायको. मयत हिरोजीची आई. वेशीजवळची म्हातारी."

"नावं कुठं आहेत?"

"हीच नावे," वाक्पती म्हणाला, आणि स्वतःच जरा चपापला.

गावातल्या बायकांना देवळापुढे बोलावले. त्यांचे नवरेही आले आणि मागे हाताची घडी घालून उभे राहिले. टिटवीने विचारले, "जमीन तुमची आहे का?"

पहिली म्हणाली, "आहे की. घरचं ते माझंच. मला कसलीच तक्रार नाही." तिच्या ओठावर काळीभोर मिशी उगवली. दुसरीने तेच सांगितले, तिसरीनेही तेच. बघता बघता देवळापुढे मिशाळ बायकांची रांग उभी राहिली, आणि मागचे नवरे घाबरून एकमेकांना चिकटले.

"मंडळी," भिवरा त्यांना म्हणाली, "तुम्ही ओढ्यापलीकडे जाऊन बसा बरं."

ते गेले. तिच्या शब्दासाठी नव्हे, मिशांच्या धाकाने गेले. मग एक म्हातारी पुढे आली.

"पेरते मी, काढते मी," ती म्हणाली. "विकताना मात्र मला कुणी विचारत नाही. आणि नावाचं म्हणाल तर..." ती अडखळली. "लग्नाआधी काहीतरी होतं. मैना? नव्हे, मैना माझी बहीण. थांबा हं."

सगळ्या थांबल्या. जिची टिवटिव कधी थांबत नाही ती टिटवीही गप्प बसली.

"सगुणा," म्हातारी म्हणाली. "होय, सगुणाच." आणि तिची मिशी गळून पडली.

मग एकेकीने आपले नाव सांगितले आणि खरे काय ते सांगितले. वाक्पती लिहीत गेला. दोनशे बारांपैकी खरोखर ज्यांच्या हाती जमीन होती, अशा निघाल्या नऊ.

दुसऱ्या गावी ओट्याची परीक्षा होती. त्या गावची कारभारीण गिरजाबाई होती, पण ओट्यावर तिच्या जागी तिचे यजमान सर्जेराव मांडी ठोकून बसले होते.

"कारभारीण कुठं आहे?" भिवराने विचारले.

"भाकऱ्या भाजते आहे," सर्जेराव म्हणाले. "कारभार सगळा तिचाच हो. मी फक्त तिचं तोंड." त्यांची मिशी मांडीवर लोळू लागली.

"तथास्तु," टिटवी म्हणाली.

त्या क्षणापासून सर्जेराव खरोखरच तिचे तोंड झाले. घरात चुलीपुढे गिरजाबाईच्या मनात जे येई, ते ओट्यावर त्यांच्या मुखातून बाहेर पडे. "खालच्या वस्तीला विहीर नको, पाटाचा फाटा पाहिजे," सर्जेराव गरजले. "चार वर्षं सांगते आहे मी!" पंच डोळे विस्फारून पाहू लागले. सर्जेरावांनी दोन्ही हातांनी तोंड दाबले, तर शब्द बोटांच्या फटींतून येऊ लागले. "शाळेचं छप्पर उडालं आहे. पंचांना जेवायची घाई आहे, मुलांना बसायला सावली नाही. आणि आमच्या ह्यांनी आपला सदरा आपण शोधावा, हरवला हरवला म्हणून माझ्यावर ओरडू नये!"

पंच धावतच गिरजाबाईच्या घरी गेले. "बाई, हात जोडतो," ते म्हणाले. "तुम्हीच या आणि तुम्हीच बोला."

ती पिठाचे हात पदराला पुसत आली आणि ओट्यावर बसली. तिने तोंड उघडताच सर्जेरावांचे मिटले. चार वर्षे अडलेली पाच कामे तिने दुपारपर्यंत मार्गी लावली. सर्जेराव हळूच म्हणाले, "मी आता काय करू?"

"परातीत पीठ आहे," ती म्हणाली. "भाकऱ्या थापा, आणि करपायच्या आत उलटा."

वाक्पतीने चाळीस गावांच्या कारभारणींची यादी पाहिली. इतर गावांत ओट्यावर कोण बसते हे त्याला विचारावेच लागले नाही. त्याला ते आधीपासून ठाऊक होते. तिसऱ्या गावाच्या वाटेवर तो भिवराच्या जोडीने चालू लागला.

"भिवरा, हा अहवाल वाचला तर माझे प्रधानपद जाईल," तो म्हणाला. "मला 'समाधानकारक' एवढा एकच शब्द लिहू दे. हंडा दोनदा कलला तरी पालथा होत नाही. उद्याच भट्टीची जागा तुझ्या नावावर करून देतो."

त्या जागेत भिवराने तीस वर्षे पायांनी माती तुडवली होती. येत्या दिवाळीला दीर भिंत पाडणार होता, तसे सांगून गेला होता.

"नको," ती म्हणाली. "माझं एकटीचं नाव लिहायला त्या सगुणाचं पुसावं लागेल. तिला किती वेळानं आठवलं होतं, बघितलंत ना?"

वाक्पतीने मान खाली घातली.

तिसऱ्या गावी वाटेची परीक्षा. वाक्पतीने दप्तरातून वाचले, "बाजार ते नदीघाट या वाटेवर गेल्या वर्षी एकाही बाईची तक्रार नाही." त्याची मिशी जागची हलली नाही. "पाहा, खरे आहे!" तो हर्षाने ओरडला.

"तिन्हीसांजेनंतर या वाटेनं बाई जाते का?" भिवराने विचारले.

"छे. मनाई आहे. त्यांच्याच रक्षणासाठी."

"मग तक्रार कोण करणार, म्हशी?"

टिटवीने आपले एक पीस वाक्पतीच्या पागोट्यात खोवले. आता जो पाही त्याला वाक्पतीच्या जागी भिवरा दिसे. "एक कोस चालत जा," टिटवी म्हणाली. "आम्ही घाटावर थांबतो."

सूर्य मावळताना वाक्पती निघाला. पानवाल्याने विचारले, कुठे निघालीस? गुरवाने विचारले, कुणाची गं तू? एका अनोळखी आजोबांनी डोक्यावर पदर घ्यायला सांगितले. घरी माहीत आहे का, सोबत कोणी नाही का, एवढे काय नडले होते? अर्ध्या वाटेत एकतीस प्रश्न झाले. त्यानंतर प्रश्न थांबले आणि मागे दोन माणसांची पावले वाजू लागली. वाक्पती हळू चालला की तीही हळू होत. त्यांतला एक नुसता हसला. वाक्पतीने दोन लढाया पाहिल्या होत्या. तरी त्याने जोडे हातात घेतले आणि धूम ठोकली.

घाटावर येऊन तो धपकन खाली बसला. भिवराने त्याला पाणी दिले.

"ओरडणार होतो," तो म्हणाला. "पण वाटले, लोक म्हणतील, अशा वेळी आलीच कशाला." तो थांबला. "हे वाक्य माझ्याच अहवालात आहे. पान सातवर."

त्याने लेखणी मागितली आणि कोणी न सांगता लिहिले: 'एकही वाट नाही.'

महिना भरला. दरबारात राजाने अहवाल आधी स्वतः वाचला आणि तो खिन्न झाला. "हे फार कडू आहे," तो म्हणाला. "आपण असे म्हणू. 'लक्षणीय प्रगती झाली असून काही आव्हाने शिल्लक आहेत.'"

गुळगुळीत दाढी करणाऱ्या महाबळ राजाला गुडघ्यापर्यंत मिशी आली. हंडा दुसरे बोट कलला आणि चौकातले पाणी दरबाऱ्यांच्या जोड्यांत शिरले.

पडद्यामागे कोणीतरी खुदकन हसले. पडदा सारून महाराणी हेमवती बाहेर आली. यापूर्वी ती दरबारात कधीच आली नव्हती.

"तीस वर्षे मी पडद्यामागून हा दरबार ऐकते आहे," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा तुमचे खोटे बोलणे सर्वांना दिसले. महाराज, आहे तसा वाचू द्या."

राजा आपल्या मिशीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "वाचा."

वाक्पतीने वाचले. दोनशे बारा नावांत जमीन खरोखर हाती असलेल्या बायका नऊ. ओट्यावर कारभारणी एक, तीही दहा दिवसांपासून. निर्धास्त वाट, एकही नाही. त्याने एक अक्षर गाळले नाही. दरबाऱ्यांनी डोळे घट्ट मिटले.

हंडा करकरला आणि एक बोट सरळ झाला.

"हे झाले सांगणे," टिटवी म्हणाली. "आता करणे. काम पुरे होईल त्या दिवशी हंडा पुरता सरळ होईल. बायकांच्या मिशा खरे सांगताच गळाल्या, तुमच्या मात्र त्याच दिवशी जातील."

राज्याचा कारभार इतक्या चपळाईने पूर्वी कधी हलला नव्हता. अकरा सभासदांनी त्याच दुपारी स्वतःच्या हातांनी भिंत फोडून दार केले, आणि त्या दाराने आत येऊन अकरा बायका कामाला बसल्या. राजाने सांजेची मनाई उठवली, आणि बाईच्या मागे लागणाऱ्यांनाच वाटेवर यायला बंदी केली. दप्तरे नव्याने लिहिली गेली, त्यात भिवराच्या भट्टीची जागाही तिच्या नावावर झाली. उरलेल्या एकोणचाळीस ओट्यांवरून एकोणचाळीस यजमान खाली उतरले, काही बऱ्या बोलाने, काही टिटवीला पाहून. वाक्पतीचे प्रधानपद गेले नाही. राजाने त्याला बाजाराच्या वाटेची जबाबदारी दिली आणि तो रोज ती वाट स्वतः चालला.

वर्षाने एका सकाळी हंडा मोठा नाद करून ताठ उभा राहिला. चाळीसही गावांत पाणी पोचले. मिशा गळाल्या, त्या झाडून काढायला दोन दिवस लागले. टिटवीने पंख झटकले आणि ती अंजनमायेकडे उडून गेली.

त्याच संध्याकाळी, दिवे लागल्यावर, बाजाराच्या वाटेने एक तरुण मुलगी एकटीच निघाली होती. हात हलवत, बेसूर गाणे म्हणत चालली होती. पानवाल्याने पान लावले, गुरवाने घंटा पुसली. ती कुठे चालली होती हे तिला कोणीच विचारले नाही, म्हणून ते आपल्यालाही ठाऊक नाही.