पहिल्या निवडीचं दही

चैत्रातल्या एका मंगळवारी, दुपारी बरोबर सव्वातीन वाजता, देवमळ्याच्या मानाजीराजांची अक्कल चरायला गेली. जेवण जड झालेलं, डोळ्यांवर झापड, आणि समोर बसलेले करंजगडचे धारराव!

दोन्ही संस्थानांचा हुतूतूचा सामना दर नागपंचमीला होई. मग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मधल्या बारा गावांतली तरणी पोरं माळावर जमत. हरलेल्याने त्यांतले सात गडी आधी निवडायचे, जिंकलेल्याने नंतर. देवमळा सारखा हरत होता, म्हणून दोन वर्षं उत्तम पोरं त्याच्याच वाट्याला आली होती. येसबा वस्ताद त्यांना घडवत होता. अजून दोन वर्षांत संघ उभा राहिला असता. पण राजेसाहेबांना धीर कुठला!

धारराव म्हणाले, "कोवळी पोरं कशाला पोसता? माझे तीन नामांकित गडी घ्या. बदल्यात पुढची तीन वर्षं तुमची पहिली निवड माझी."

"दिली!" राजे म्हणाले, आणि कागदावर शिक्का मारून झोपायला गेले.

नामांकित म्हणजे कधीचे? राजांच्या मुंजीच्या वेळचे! हैबतीचे गुडघे खुळखुळ्यासारखे वाजत. तुळाजीला 'हु' म्हणताच खोकला लागे, 'तूतू' कधी येतच नसे. आणि सिदू आपल्याच गड्याचा पाय धरून ओरडे, "सापडला! सापडला!" नागपंचमीला करंजगडचे गडी खेळून नाही, हसून दमले.

राजेसाहेब पेटले. स्वतःवर? छे! येसबावर.

"वस्ताद, संघ तू बुडवलास! आता ऐक. पहिली निवड मला परत हवी. पण मी शब्द मोडणार नाही, आणि तू मागायची नाही. धाररावांनी ती आपणहून दिली पाहिजे. नाही जमलं, तर बिऱ्हाड उचल आणि संस्थानाबाहेर हो!"

येसबा घरी येऊन गाठोडी बांधायला लागला. त्याची लेक सगुणा एकेक गाठ सोडत गेली.

"शिक्का त्यांचा, मूर्खपणा त्यांचा, आणि घर आपलं मोडायचं होय? बाबा, मी जरा बारा गावं फिरून येते."

"राजेसाहेबांना भेटून जा."

"त्यांना कशाला? शहाण्या माणसांना भेटते. बायकांना!"

निवडीचा दिवस उजाडला. धाररावांनी मिशीवर हात फिरवत पहिलं नाव पुकारलं, "वाघदऱ्याचा कोंडाजी!"

दाराच्या चौकटीएवढा कोंडाजी उभा राहिला, पण रांगेतून हलला नाही. आईने तळहातावर दही घातल्याशिवाय गड्याने गावची रांग सोडायची नाही, ही तिथली रीत. त्याची आई गौराबाई वाटी घेऊन पुढे आली.

"घाला दही, बाई!"

"लागलं नाही, सरकार."

"म्हणजे?"

"रात्री विरजण लावलं, सकाळी बघते तर दूध ते दूधच!"

धाररावांनी दुसरं नाव पुकारलं. त्याचंही दही लागलं नव्हतं. तिसऱ्याचंही नाही. सात नावं, सात आया, सात वाट्या दूध!

"बारा गावांतलं विरजण एकाच रात्री मेलं काय?" धारराव कडाडले. "राहू दे! मी माझी, जिंकलेल्याची, दुसरी निवड करतो."

"पहिली पुरी झाल्याशिवाय दुसरी नाही, सरकार," येसबा हात जोडून म्हणाला. "तुमच्याच आजोबांनी लावलेला नियम."

"अरे, मग हे दही लागणार तरी कधी?"

बायकांतून सगुणा पुढे आली. "तीन वर्षांनी, सरकार!"

"तीन वर्षांनी?"

"तुमच्या कागदाची मुदत तेवढीच आहे ना? संपली की लागेल. तोवर तुम्हालाही नवा गडी नाही. अगदीच अडलं तर तुमचे तीन नामांकित आहेत आमच्याकडे. आजच न्या, खोकल्याच्या काढ्यासकट देते!"

सगळा माळ खदाखदा हसला. मानाजीराजेही हसले, कोणाला हसतायत ते त्यांना कळलं नव्हतं.

"पण माझ्यावर एवढा राग का?" धाररावांनी विचारलं.

"आई दही घालते ती पोर सुखरूप परत यावं म्हणून. तुमच्याकडे गेलेला गडी दिवाळीलासुद्धा घरी येत नाही. मग दही कसं लागावं?"

धारराव रांगेजवळ आले. सात वाट्यांकडे बघितलं, सात आयांकडे बघितलं, आणि एकदम पोट धरून हसू लागले. कागद काढून त्यांनी टराटरा फाडला.

"घ्या हो राजे, तुमची निवड! कोणी मागितली नाही, मी आपणहून देतोय!"

त्यासरशी बायकांच्या पदराखालून दुसऱ्या वाट्या निघाल्या. दही असं घट्ट, की वाटी उपडी केली तरी पडू नये!

मानाजीराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढलं. "येसबा, बिऱ्हाड हलवायचं नाही! पोरी, हे तुला."

सगुणाने कडं लगेच मनगटात चढवलं आणि धाररावांकडे वळली. "आणि तुमचं बक्षीस, सरकार?"

"माग!"

"तुमच्याकडची सगळी पोरं यंदा दिवाळीला घरी पाठवा."

"पाठवली!"

"बायांनो, ऐकलंत ना?" सगुणा ओरडली. "आता घरी जाताना वाटेत जे जे गाव लागेल, तिथे दारोदार सांगत जा, पोरं दिवाळीला येतायत!"