मालकाची जागा

त्या सकाळी धुकं असं उतरलं होतं, की फुटबॉलच्या मैदानातले गोलचे खांब आभाळात तरंगत असल्यासारखे वाटत होते. गुंडूतात्या चहाच्या गाड्यापाशी बसून स्वप्नात असल्यागत तिकडं बघत होते. भोवती तालमीच्या फुटबॉल संघाचे शौकीन भांडत होते, फायनलला पुढच्या फळीत कोण? बहुतेकांच्या तोंडी तात्यांच्या शेजारी राहणाऱ्या शौकतच्या पोराचं, समीरचं नाव होतं.

तेवढ्यात तालमीचे अध्यक्ष रणधीरराव गाडीच्या मागच्या सीटवरून उतरले. त्यांचा भाचा विश्वजित खेळताना मागं, बचावाला भिंतीसारखा उभा राही, पण गोल मारणं त्याला जमत नसे.

"आमच्या घरातलं पोरगं मागं उभं राहणार न्हाई," ते गरजले. "विश्वजित पुढं, समीर बाहेर!"

तात्यांनी चहावर हळूच फुंकर घातली.

"रावसाहेब, गाडीत तुम्ही कायम मागंच बसतासा. पुढं का न्हाई?"

"पुढं ड्रायव्हर बसतोय की! मालक मागंच शोभतोय."

"मग घरच्या पोराला ड्रायव्हरच्या जागी का बसवतासा?"

धुक्यातनं हशा उठला. शेवटी रणधीररावही हसले. "बरं, विश्वजित मागं!"

घरी जाताना शौकत तात्यांच्या कानाशी लागला, "तात्या, उद्या रावसाहेब पुढच्या सीटवर बसून आले, तर वो?"