मरणाच्या भीतीने

देवखिंड संस्थानात बहिरू लोहाराला फाशी सुनावली होती. जत्रेतल्या भांडणात त्याच्या हातून एक माणूस मेला होता, आणि ते त्याने कबूलही केलं होतं. त्यातच गावात पटकीची साथ आली आणि तुरुंगातही शिरली. पहारेकरी पळाले. बहिरू मात्र आजारी कैद्यांची घाण काढत, त्यांना पाणी पाजत राहिला. पुष्कळ जण वाचले. म्हणून त्याला फाशीऐवजी जन्मठेप द्यावी, अशी तुरुंगाधिकाऱ्याने महाराजांना विनंती केली.

भर दरबारात दिवाण त्र्यंबकपंत फिस्सकन हसले. "महाराज, फास दिसला की दरोडेखोरही साधू होतो! मरणाच्या भीतीने आलेल्या चांगुलपणाला काय किंमत?"

महाराजांनी बेड्या घालून समोर उभ्या केलेल्या बहिरूकडे पाहिलं. "तुला काही बोलायचंय?"

"एकच विचारतो, सरकार. दिवाणसाहेब, पटकी आली तवा आपण कुठं होता?"

पंत गडबडले. "मी ना... सासुरवाडीला. जरा हवापालट."

बहिरूने हात जोडले. "सरकार, मरणाच्या भीतीनं माणूस कुठं जातो, ते दिवाणसाहेबांनीच सांगितलं."

महाराज इतके हसले की त्यांना पगडी सावरावी लागली. बहिरूची फाशी रद्द झाली आणि तुरुंगातले आजारी त्याच्याच हवाली झाले. दिवाणजींना मात्र पुढे सासुरवाडीचं नुसतं आमंत्रण आलं तरी दरदरून घाम फुटायचा.