वाकड्या ओळीची कहाणी

ऐका विणाईबाई, तुमची कहाणी. आटपाट नगराच्या टोकाला कोष्ट्यांची आळी होती. तिथं गिरजा नावाची कोष्टीण राहात असे. तिच्या हाताला मोठा गुण. लुगड्याचे काठ असे सरळ, की राणीनं माणूस पाठवून न्यावे. पण जिवाला थारा म्हणून नाही. मागावर बसे, तो अंगण आठवे. अंगणात जाई, तो पाणी भरायचं आठवे. विहिरीवर जाई, तो माग आठवे, की आली धावत रिकामी घागर घेऊन.

तिला सात वर्षांची लेक होती, यमू. यमूनं काही करायला घेतलं, की गिरजा हातातून काढून घेई. म्हणे, "आण इकडे, तुझ्यानं व्हायचं नाही." हसू नका बायांनो, आपणही हेच म्हणतो.

मग श्रावण आला. गुरुवारी दारी एक म्हातारी आली. म्हणाली, "गिरजे, तुझ्या जिवाला थारा नाही. वसा सांगते, घेशील?" "घेईन आजी, कसा घ्यावा?" "बांबूच्या कामट्यांच्या चौकटी बांधाव्या, त्यांवर उभे दोरे ताणावे. दर शुक्रवारी आळीतली चार पोरं ओटीवर बोलवावी, आपली लेक त्यांत बसवावी. जुन्या लुगड्याच्या चिंध्या द्याव्या. एका दोऱ्यावरून, एका दोऱ्याखालून, असं विणू द्यावं. गूळफुटाणे वाटावे. पोरांची ओळ वाकडी गेली तरी उसवू नये. उसवशील तर आहे तेही गमावशील." इतकं बोलून म्हातारी गेली. तीच विणाई, पण गिरजेला काय ठाऊक?

पहिला शुक्रवार आला. पाच पोरं ओटीवर बसली. कुणी दोन दोरे एकदम उचलले. कुणी चिंधी अशी ओढली, की विणलेल्या पट्टीची कंबरच बारीक झाली. यमूनं तर मधला दोरा सोडूनच दिला. गिरजेचे हात शिवशिवले. पोरं घरी गेली. मग तिनं काय केलं? सगळं उसवलं आणि आपल्या हातानं सरळ विणून ठेवलं.

दुसरा शुक्रवार आला. पोरांनी चौकटी पाहिल्या. "ही माझी नव्हे," "ही माझी नव्हे," म्हणून तिघं उठून गेली. यमू आणि शेजारणीचा पोर, दोघंच राहिली. गिरजेनं मागाहून पुन्हा उसवलं.

तिसरा शुक्रवार आला. यमू एकटीच बसली. तिची ओळ पुरी व्हायच्या आत गिरजेनं हात घातला. यमू उठली, कोपऱ्यात जाऊन बसली, आणि बोलायची थांबली. हाक मारली तर बघे, पण तोंडातून शब्द नाही.

गिरजा घाबरली. वैद्याकडे धावली. तो म्हणाला, "घसा चांगला आहे." भगताकडे धावली. तो म्हणाला, "बाधा नाही." शेजारणीकडे धावली. ती म्हणाली, "गिरजे, माझा पोर सांगतो, आम्ही विणतो नि काकू मोडते." गिरजेला म्हातारीचे शब्द आठवले.

मग ती दारोदार गेली. पोरांना म्हणाली, "तुमचं मी मोडलं. चुकले रे. उद्या या."

चौथा शुक्रवार आला. पोरं आली. यमूही आली, पण मुकीच. विणू लागली. पहिला दोरा चुकला. गिरजेनं हात पदराखाली घेतले. दुसरा चुकला. तिनं ओठ चावला. तिसरा चुकला. तिचे डोळे भरून आले, पण हात बाहेर आला नाही. यमू थांबली. आईचा हात येईल म्हणून वाट पाहू लागली. हात काही येईना.

मग यमू बोलली. "आई, चुकलं ना गं?"

"चुकलं, बाई."

"मग काढलं नाहीस?"

"तुझं आहे ते."

यमूनं एक चिंधी उचलली, आईच्या हातात दिली. म्हणाली, "बस इथं. आता तुझी ओळ. पण हळू ओढ हं."

गिरजा बसली. दिवेलागण झाली तरी उठली नाही.

जशी विणाईबाई गिरजेला पावली, लेकीची वाचा तिला परत दिली, तशी ऐकणारणींना नि सांगणारणीला पावो. ही साठा ओळींची कहाणी पाचा ओळींत विणली, सुफळ संपूर्ण झाली.