दाजीकाकांचं पेट्रोल इंजिन

आयुष्यात कधी स्टिअरिंग न धरलेल्या दाजीकाकांनी शोरूममध्ये पाऊल टाकताच कुबलांच्या घरच्या नव्या पिकअपचं इंजिन ठरवून टाकलं. पेट्रोल! रोज बाजारात जायला आवाज नको म्हणे. ट्रेलरवरची बोट किनाऱ्यावरून चढावर ओढायची, हे त्यांच्या गावीच नव्हतं.

"काका, चढाला डिझेलची ताकद लागते," पुतणी रेवती म्हणाली. "आणि बाजारात डिझेलची गाडीही जाते."

"कॉलेज सोडलेलीने मला शिकवू नये! पेट्रोल चढेल, माझा शब्द आहे."

रेवती भडकली. "मग झालं तर! जुनी जीप चढावर दमली, की ट्रेलर मागे घसरू नये म्हणून बाबा चाकामागे दगड लावायला धावतात. उद्यापासून तुम्ही धावा."

काकांनी चष्मा पुसला. मग विक्रेत्यावर खेकसले, "डिझेल दाखव रे! मघापासून तेच सांगतोय."