शेवटच्या ओळीतले नाव

फार जुनी गोष्ट आहे. राजे-महाराजे जात्यावरची गाणी ऐकायला वेळ काढत, तेव्हाची. एका गावात एक म्हातारा कवी राहत होता. डोंगरापलीकडची भाषा त्याला येई. तिकडची एक धनगरीण सुरेख गाणी रची. कवी ती आपल्या भाषेत आणी आणि गावच्या बायका दळताना गात.

त्या मुलखाची एक रीत होती. गाण्याच्या शेवटच्या ओळीत रचणाऱ्याने आपले नाव गुंफायचे. कवी तिथे न चुकता धनगरणीचेच नाव ठेवी. त्याची स्वतःचीही चार गाणी होती, पण ती त्याच्या बायकोखेरीज कोणी गात नसे. तीही लहर लागली तरच!

एकदा राजाने दवंडी पिटवली, "ज्याची गाणी घरोघरी गातात, त्याला दरबारात मानाचे आसन आणि राहायला कौलारू घर!"

बायको म्हणाली, "अहो, आपलं छप्पर चाळणीसारखं गळतंय. घाला की तुमचं नाव! डोंगर ओलांडून कोण बघायला येतंय?"

कवी दोन दिवस तळमळला. मोह कोणाला सुटला आहे? शेवटी म्हणाला, "अगं, लेक दुसऱ्याची. मी तिला फक्त सासरी पोचवली. बाप म्हणून कसा मिरवू?"

घरोघरच्या गाण्यांत नाव धनगरणीचे, म्हणून राजाने तिलाच पालखी पाठवली. ती आली, पण तिचे बोलणे कोणाला कळेना. मग दुभाषा म्हणून कवीलाच बोलावले.

दरबारात बायकांनी गाणी म्हटली. धनगरणीने डोळे पुसले आणि काहीतरी विचारले.

कवी म्हणाला, "महाराज, त्या विचारतात, चाल माझी, नाव माझं, पण ही गाणी इथे आणली कोणी?" एवढे सांगून त्याने मान खाली घातली.

"आता बोला की!" गर्दीतून त्याची बायको ओरडली. "जगाचं सगळं सांगता, स्वतःचं सांगताना दातखीळ बसते!"

दरबार हसला. बिचाऱ्या कवीला हेसुद्धा धनगरणीला तिच्या भाषेत सांगावे लागले. तिने तिथल्या तिथे एक नवे गाणे रचले.

कवी ते आपल्या भाषेत म्हणू लागला आणि शेवटच्या ओळीपाशी अडखळला. तिथे धनगरणीने त्याचे नाव गुंफले होते. पण तिचा एक शब्दही त्याने जन्मात गाळला नव्हता. आज कसा गाळणार? त्याने पहिल्यांदाच आपले नाव घेतले.

"घर यांना द्या," धनगरीण म्हणाली. "मला माझी मेंढरं बरी." कवीने हेही राजाला जसेच्या तसे सांगितले. राजाने घर कवीला दिले आणि दरबारात दोन आसने मांडली. त्या गावात आजही दळण त्याच गाण्याने सुरू होते.

तात्पर्य: दुसऱ्याचे नाव जो जपतो, त्याचे नाव पुसले जात नाही.